सकाळी रुसणारं लाल इंजिन

"झालं का गं?" काशीने सातव्यांदा विचारलं.

"झालं की सांगेन," सुचित्रा म्हणाली आणि इंजिनावर आणखी खाली वाकली. "तू विचारत राहिलीस म्हणून ते लवकर होणारे का?"

लाल इंजिन टेबलावर चाकं वर करून पडलं होतं. वीज दिली की आतली मोटर झुंईऽऽ करत फिरायची, पण चाकं ढिम्म हलायची नाहीत. शनिवारपासून हाच प्रकार चालला होता आणि आता सोमवारची दुपार झाली होती. मोटरमधले कार्बनचे तुकडे सुचित्राने तीनदा काढून, पुसून पुन्हा बसवले होते. त्याने मोटर आणखी जोरात फिरायला लागली एवढंच.

साल होतं १९८३. नाताळची सुट्टी चालू होती आणि वाशीत अजून रेल्वे आलेली नव्हती. रूळ मानखुर्दला संपायचे, पुढे खाडीपूल ओलांडायचा तो बसने. त्यामुळे सोसायटीच्या तळमजल्यावर खेळघर उघडणार आणि तिथे विजेवर पळणारी खेळण्यातली आगगाडी असणार, हे कळल्यावर पोरांना जेवण सुचेना. गाडी दिली होती दुसऱ्या मजल्यावरच्या रावसाहेब आजोबांनी. त्यांचा मुलगा लहानपणी तिच्याशी खेळायचा. आता त्या मुलालाच टक्कल पडायला लागलं होतं, आणि गाडी पंधरा वर्षं माळ्यावर पडून होती. आठ डबे, पेटीभर रूळ आणि दोन इंजिनं. काळं इंजिन रुळावर ठेवताच धावलं. लाल मात्र हटून बसलं.

"जो कोणी लाल इंजिन चालू करील," आजोबांनी सगळ्या पोरांसमोर जाहीर केलं होतं, "तो एक तारखेला, रविवारी सकाळी आठ वाजता, उद्घाटनाचं हँडल धरील."

हँडल म्हणजे गाडीचा वेग कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मरवरचा दांडा. अख्ख्या सोसायटीसमोर तो धरायचा आणि वाशीची पहिली आगगाडी सोडायची! सुचित्राने तेव्हाच मनातल्या मनात तो धरलासुद्धा होता. तिच्याशिवाय होतंच कोण? तिचे बाबा, शिवराम, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तेरा वर्षांच्या सुचित्राला पेचकस पेन्सिलीइतका सवयीचा होता. कुणाचा टॉर्च पेटेना, कुणाच्या सायकलची चेन उतरली, की पोरं तिच्याच दारात यायची.

तेवढ्यात दार करकरलं आणि मैदानावरून सदू आणि खलील आत आले. सदू जवळच्याच जुहूगावातला, कोळ्यांचा. त्याचा गुडघा सोलवटला होता. खलील दिवाळीत उरणहून इथे तिसऱ्या मजल्यावर राहायला आला होता आणि सदूशी त्याची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली होती. त्यांच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर काका आले, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत.

"पडलास ना? खोबरेल लाव," काकांनी सदूच्या गुडघ्याकडे बघून औषध सांगितलं. मग टेबलाकडे वळून म्हणाले, "काय मेकॅनिकबाई, रविवार जवळ आला बरं का."

"होईल काका."

खलील टेबलाजवळ येऊन वाकला. "मोटर फिरतेय ना? मग मोटरला कशाला उघडतेस? जरा वीज दे."

सुचित्राने नाक मुरडून वीज दिली. खलीलने इंजिनाच्या पोटात बोट दाखवलं.

"हे बघ. मोटरची पितळी दांडी फिरतेय. तिच्यावर टेकलेलं हे पांढरं दातेरी चाक, तेपण फिरतंय. पण ते ज्या दांडीवर बसलंय, ती फिरत नाय. म्हणजे दातेरी चाकाला चीर गेलीय. दांडीवर पकडच नाय त्याची."

सुचित्राने डोळे बारीक केले. पांढऱ्या चाकावर केसाएवढी चीर होती. तीन दिवस ती त्याच चाकापासून अर्ध्या इंचावर पेचकस चालवत होती आणि तिला ती दिसली नव्हती. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग नवीन चाक लागणार," ती तुटकपणे म्हणाली. "ते कुठे मिळणार इथे?"

"नवीन कशाला? उरणला मोरा बंदरावर आमचा ताजुद्दीन चाचा लाँचची इंजिनं दुरुस्त करतो. वल्ह्याला चीर गेली की तो दोरा आवळून बांधतो. बारीक, चिवट दोरा पायजे फक्त."

"आमचे घरी जाल्याचा दोरा हाय," सदू लगेच म्हणाला. "आनू का?"

आणि तो गुडघा विसरून पळालासुद्धा. सुचित्रासाठी पाण्याचा तांब्या आणायचा तर सदूचे पाय दुखायचे, हे तिला नेमकं तेव्हाच आठवलं.

खलीलने दातेरी चाक सोडवलं. चाकाच्या मधल्या उंचवट्यावर नायलॉनचा दोरा एकाला एक चिकटून असा गुंडाळला की गाठ कुठे आहे ते कळेना. मग त्यावर दोन नळ्यांमधला गोंद कालवून लावला आणि ते रात्रभर वाळत ठेवलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याने चाक जागेवर बसवलं, इंजिन रुळावर ठेवलं आणि बाजूला झाला.

लाल इंजिन धावलं. सदूने शिट्टी मारली. काशीने टाळ्या पिटल्या. काशी, म्हणजे सुचित्राची बालवाडीपासूनची मैत्रीण, तीसुद्धा! रावसाहेब आजोबा काठी टेकत दोन जिने उतरून आले आणि गाडीच्या पाच फेऱ्या होईपर्यंत बघत उभे राहिले. मग त्यांनी खलीलच्या पाठीवर थाप मारली. "पोरा, माझ्या हयातीत ही पुन्हा धावेल असं वाटलं नव्हतं. हँडल तुझं."

सगळे काही ना काही म्हणाले. सुचित्रा मात्र पेचकस पुन्हा पुन्हा पुसत राहिली. पोटात नुसता वणवा पेटला होता. हा कालचा आलेला! दोन महिनेही झाले नाहीत याला इथे!

सगळे पांगल्यावर खलील तिच्याजवळ आला. "सुचित्रा, तुझ्याकडे शिलाई मशीनच्या तेलाची डबी आहे ना? गिअरला दोन थेंब पायजेत. कोरडं चाललं तर दाते झिजतील."

डबी होती. चांगली अर्धी भरलेली होती. सकाळीच तिने त्यातलं तेल आईच्या मशीनला घातलं होतं.

"संपलंय," सुचित्रा म्हणाली.

खलील क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. मग बाहेर जाऊन त्याने काकांना सांगितलं की इंजिनांना थोडं तेल लागेल, पोरांकडे नाही. काका म्हणाले, "अरे, तेल म्हणतोस ना? ते माझ्यावर सोड. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. संध्याकाळी घालून टाकतो."

बुधवारी सकाळी आठ वाजता काकांनी समितीच्या दोन सभासदांना गाडी दाखवायला मोठ्या थाटात आणलं. खलीलने हँडल फिरवलं. लाल इंजिन हललं नाही. मोटर गुदमरल्यासारखी गुरगुरली, थोडा जळका वास आला आणि काकांनी घाईघाईने बटण बंद केलं.

"केलंस ना वाटोळं?" काका म्हणाले. त्यांची पाहुण्यांसमोर शोभा झाली होती, आणि तो राग कुणावर तरी काढायला हवा होता. "दोरे बांधून कुठे इंजिनं दुरुस्त होतात? ही काय होडी आहे?"

"काका, बांधलेलं सुटलं नसणार. उघडून बघू द्या ना."

"पुरे. तू आता हात लावायचा नाहीस. सुचित्रा बघेल. हँडलही तीच धरेल. रावसाहेबांना मी सांगतो."

खलीलने हातातला पेचकस टेबलावर ठेवला. कुणाकडेही न बघता तो निघून गेला आणि सदू त्याच्यामागे गेला.

खरं सांगायचं तर सुचित्राला तेव्हा जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट इतका आनंद झाला की तिला गाल आत ओढून धरावे लागले. कुणी बघितलं तर काय म्हणेल!

साडेअकराला ती एकटीच खेळघरात आली. तिने वरचं झाकण उघडलं, चार स्क्रू काढले, चार स्क्रू घातले. अजून काय करावं ते सुचेना म्हणून सहज वीज दिली, तर इंजिन धावायला लागलं. तेवढ्यात काशी आणि आणखी चार पोरं दारात हजर.

"सुचित्राने दुरुस्त केलं!" काशी ओरडली. "काय केलंस गं?"

"थोडं ॲडजस्ट केलं," सुचित्रा म्हणाली. जेवायला घरी जाईपर्यंत तिला स्वतःलाही ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

पण गुरुवारी सकाळी आठला ती आणि काशी आल्या, तेव्हा लाल इंजिन पुन्हा रुसलेलं होतं. सुचित्राने ते उचलून त्याच्या जागी काळं ठेवलं. काळंही हलेना.

"सकाळी रुसतात आणि दुपारी धावतात," काशी म्हणाली. "गंमतच आहे. आणि काय गं, काळ्याला तर खलीलने हातही लावला नव्हता."

हा विचार सुचित्राच्या डोक्यात काशीच्या आधीच येऊन गेला होता. आला तसा तिने तो दडपला होता.

"तू जरा गप्प बसशील का?"

तिने काळ्या इंजिनाचं खालचं झाकण पहिल्यांदाच उघडलं. पितळी दांडीच्या आट्यांत आणि चाकाच्या दात्यांत काहीतरी पांढरट, घट्ट असं भरलं होतं. पेचकसाच्या टोकाने ते मेणासारखं खरवडून निघालं. मग तिने लाल इंजिन उघडलं. तिथेही तेच पांढरं होतं. खलीलने बांधलेला दोरा मात्र जसाच्या तसा, घट्ट होता. तिने नखाने ओढून पाहिला. हलला नाही.

"काय आहे ते?" काशीने विचारलं.

"काही नाही, धूळ आहे."

धूळ नव्हती ती. सुचित्राने बोटांत चोळल्यावर ते पांढरं विरघळून चकाकलं होतं. वासावरून ओळखावं, तर तसा वास त्या दोघींच्या तेल लावलेल्या केसांनाही येत होता, त्यामुळे वेगळा कळेना. ते काय आहे हे तिला त्या दिवशी कळलं नाही. पण एक गोष्ट पक्की कळली: दोष खलीलचा नव्हता. आणि ती गोष्ट दिवसभर तिने कुणालाही सांगितली नाही. दुपारी गाडी नेहमीसारखी धावली, पोरांनी तिची वाहवा केली आणि तिने ती ऐकून घेतली. रात्री तिने अर्धी भाकरी ताटातच ठेवली तेव्हा आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी सकाळी चांगलीच थंडी होती, खाडीवरून बोचरं वारं येत होतं. न्हायच्या आधी आईने तिला केसांना तेल लावायला पुढ्यात बसवलं. बाटली उलटी केली, तर थेंब पडेना.

"गोठलंय बाई सगळं," आई म्हणाली आणि तिने बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली.

सुचित्रा बघत राहिली. बाटलीतला पांढरा गोळा कडेने सुटला, वितळला आणि त्याचं पाणी झालं. सकाळी घट्ट, ऊन लागलं की पातळ!

"खोबरेल," ती पुटपुटली. मग उठून उभीच राहिली. "आई, खोबरेल!"

"मग तुला काय तूप वाटलं? बस खाली, अर्धं डोकं राहिलंय."

पण सुचित्रा बसली नाही. कमळाकर काका! गुडघ्याला खोबरेल, कुलपाला खोबरेल, सांध्यांना खोबरेल. रोज संध्याकाळी तेच दोन्ही इंजिनांत ओतत असणार. आणि ते का? तर पोरांकडे मशीनचं तेल नव्हतं म्हणून. का नव्हतं? या प्रश्नाशी येऊन ती थांबली.

अर्ध्या डोक्याला तेल आणि अर्धं कोरडं अशी ती जिन्यात आली. खाली गेलं की खेळघर होतं, वर तिसऱ्या मजल्यावर खलीलचं घर. खाली जाऊन गुपचूप रॉकेलने गिअर धुवायचे, काकांना गोड बोलून तेल बंद करायला लावायचं, की झालं. हँडल तिचंच राहणार होतं. ती तीन पायऱ्या खाली उतरलीसुद्धा. मग स्वतःवरच चिडून मागे फिरली आणि वर गेली.

दार खलीलच्या अम्मीने, सईदाबाईंनी उघडलं. "ये बेटी. हा बघ, दोन दिवस झाले, तोंडाला कुलूप लावून बसलाय."

खलील खिडकीत बसला होता. सुचित्राने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पांढरं काय होतं, कुणी घातलं आणि सगळ्यात शेवटी, एका दमात, "आणि माझ्याकडे मशीनचं तेल होतं. मी खोटं बोलले."

"माहीत होतं मला," खलील म्हणाला.

"काय?"

"तू 'संपलंय' म्हणालीस ना, तेव्हा तुझ्या बोटांना ताज्या तेलाचा वास येत होता. चाचाच्या हातांना तसाच येतो."

सुचित्राला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. "मग काका बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"डबी तुझी. द्यायची की नाय ते तू ठरवणार." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "पण वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. मी तुझ्याचकडून शिकणार होतो, कार्बन कसे काढतात ते. मला नाय येत."

बघा, इथेही हाच पुढे! सुचित्राला पुन्हा चिडायला झालं. भांडला असता तर निदान भांडता आलं असतं. "दाखवते," ती म्हणाली. "पण आधी गिअर धुवायचेत. आणि काकांचं काय करायचं? तोंडावर सांगितलं तर ते म्हणतील, पोरं मोठ्यांना शिकवतात."

"मग आपण सांगायचंच नाय," खलील हळूच हसला. "इंजिनालाच सांगू दे."

दुपारी चौघांनी मिळून दोन्ही इंजिनांचे गिअर जुन्या टूथब्रशने रॉकेलमध्ये घासून काढले. सदूने फडक्याने एकेक दाता पुसला. मग सुचित्राने डबी आणली आणि दोन्हींना मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब दिले. खलीलला हात लावायला बंदी होती, म्हणून काशी दारात पहारा देत होती आणि दर दोन मिनिटांनी उगाच खोकत होती.

संध्याकाळी सुचित्रा काकांकडे गेली. "काका, तुम्ही इंजिनांची रोज एवढी सेवा करता. आज फक्त लालचीच करा हं. काळ्याचं झाकण मी चिकटपट्टी लावून बंद केलंय, ते उद्यापर्यंत उघडायचं नाही. आणि उद्या सकाळी साडेसातला रावसाहेब आजोबांना चाचणी दाखवायचीय. तुम्ही हवेतच."

"हवाच मी," काका खूश होऊन म्हणाले.

साडेसहा वाजता सदू खेळघराच्या खिडकीखालून धावत आला. "काकाने खिशातून बारकी बाटली काढली. लाल इंजिनात वतली. अन् उरलेलं सोताच्या टकलाला चोललं."

शनिवारी सकाळी साडेसातला खेळघरात थंडी होती. आजोबा मफलर गुंडाळून खुर्चीत बसले. सुचित्राचे बाबा कामावर जाता जाता थांबले. खलीलही आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे बघून घसा खाकरला, पण आजोबांसमोर काही बोलले नाहीत.

"आधी काळं," सुचित्रा म्हणाली. काळं इंजिन पहिल्याच झटक्याला निघालं आणि गोल फिरून आलं. "आता लाल." लाल इंजिन गुरगुरलं आणि जागेवर राहिलं. तिने लगेच वीज बंद केली.

"पुन्हा तेच," काका म्हणाले. "दोऱ्याचं काम हे असंच असायचं."

"काका, या लालची सेवा काल कुणी केली?"

"मी. का?"

"आणि काळ्याची?"

"त्याला तर तूच हात लावू दिला नाहीस."

"तुम्ही कोणतं तेल वापरता हो? आम्हालाही सांगा ना."

काकांचा चेहरा खुलला. "अगं, साधंसुधं नाही. आमच्या अलिबागच्या वाडीतलं, घाण्यावर काढलेलं शुद्ध खोबरेल. विकतच्याला त्याची सर नाही."

सुचित्राने लाल इंजिन उलटं केलं, खालचं झाकण काढलं आणि ते आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी चष्मा पुसून आत बघितलं. बाबांनी बघितलं. शेवटी काकांनी बघितलं. दात्यांत पांढरं खोबरेल गच्च बसलं होतं. काकांचा हात नकळत आपल्या चकाकणाऱ्या टाळूकडे गेला आणि मध्येच थांबला.

"कमळाकर," आजोबा म्हणाले, "तू माझ्या इंजिनाला न्हाऊ घातलंस की रे." आणि ते काठी आपटून इतके हसले की त्यांना खोकला आला.

"पण मी तरी काय करू?" काका ओशाळून म्हणाले. "हाच म्हणाला होता, पोरांकडे मशीनचं तेल नाही. म्हणून घरचं घातलं."

"तेल नव्हतं?" बाबांनी विचारलं. "आमच्या घरात तर होतं."

खलील छताकडे बघत होता. तो काही सांगणार नव्हता, हे सुचित्राला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला जास्त कठीण गेलं.

"होतं," ती म्हणाली. "खलीलने मागितलं होतं. मी संपलंय म्हणाले. त्याने इंजिन चालू केलं म्हणून माझं पोट दुखत होतं. आणि बुधवारी मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. ऊन आलं म्हणून ते आपोआप चाललं."

काशीचं तोंड उघडंच राहिलं.

"मी चाळीस वर्षं नोकरी केली," आजोबा सावकाश म्हणाले. "मशीन बंद पडलं की शंभर कारणं ऐकायचो. खरं कारण कुणी उभं राहून सांगितलंय, असं कधी घडलं नाही. शाबास पोरी." मग त्यांनी काठी रोखली. "दोष तू शोधलास, दुरुस्ती याने केली. आता हँडल कुणाचं, ते तूच सांग."

किती सोपं होतं 'माझं' म्हणणं! शब्द जिभेवर येऊन बसला होता. सुचित्राने तो गिळला, तर डोळ्यांत पाणी आलं.

"खलीलचं."

काका खलीलसमोर गेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "न बघताच बोललो." मोठ्या माणसाला एवढं म्हणायलाही बराच वेळ लागला.

रविवारी सकाळी आठला खेळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. रेवडी-चुरमुरे वाटून झाले. खलीलने हँडल धरलं आणि लाल इंजिन आठ डबे ओढत निघालं. ते पुठ्ठ्याच्या पुलावरून गेलं आणि 'वाशी' असं लिहिलेल्या पाटीसमोर येऊन थांबलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सईदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "कुणाचा हो मुलगा हा? किती हुशार!" असं जो तो विचारत होता.

सुचित्राला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर पोटातलं जळणं थांबेल. कसलं थांबतंय! प्रत्येक टाळीला ते नव्याने भडकत होतं. ती मागे, दाराजवळ जाऊन उभी राहिली. बाबा शेजारी आले.

"जळतंय का गं?"

"हो."

"खूप?"

"खूप."

बाबांनी मान हलवली. "कारखान्यात शेजारच्या मशीनवर माझ्याहून चांगला हात आला की मलाही होतं. मग मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. त्याचं काम बघतो."

"मग थांबतं?"

"कधी थांबतं, कधी नाही. पण काम कळतं."

सुचित्रा थोडा वेळ उभी राहिली. मग गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेली. खलीलने तिच्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा केली. ती गुडघ्यांवर बसली, कान रुळांच्या जवळ नेला आणि गाडी समोरून जाताना डोळे मिटून ऐकलं. दात्यावर दाता बसत होता. कुठे खरखर नव्हती, कुठे अडखळणं नव्हतं. असं काम तिच्या हातून अजून झालं नव्हतं.

"बांधणी चांगली केलीयस," ती म्हणाली.

खलीलचे कान लाल झाले. "वळणावर थोडं हळू करू का?"

"कर," सुचित्रा म्हणाली, आणि गाडी पुन्हा समोर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.